खांब आमच्या वाडीत

वसई मोठी की विरार मोठं, यावरून आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे कुणाच्या घरात जमिनीच्या वाटणीवरूनही झाले नसतील. याला कारण माझी थोरली बहीण. तिला वसईला दिली होती, आणि आम्ही विरारकडचे.

वसई म्हणजे तालुक्याचं गाव. मामलेदार कचेरी तिथे, कोर्ट तिथे, मोठा दवाखाना तिथे. ताईचे सासरे वकील. त्यांचं घर दुमजली, ओटीवर वेताच्या खुर्च्या, भिंतीवर लंबकाचं घड्याळ. आमचं गाव विरारच्या पश्चिमेला, आगाशीच्या रस्त्याला लागून. घर अर्धं कौलाचं, अर्धं पेंढ्याचं. पण चहूबाजूंनी वाडी. केळी, नारळ, पानवेली, मोगऱ्याच्या ओळी, विहिरीवर रहाट आणि रहाटाला गोल फिरणारा बैल. सकाळी डोळे उघडण्याआधी त्या रहाटाची करकर कानात यायची.

लहानपणी मी ताईकडे राहायला गेले की तिच्या सासूबाई मला पाटावर बसवून चांगलंचुंगलं खायला घालायच्या आणि वर एखादं वाक्य ऐकवायच्या. एकदा म्हणाल्या, "तुमचं विरार म्हणजे काय गं? गाडी तिथे थांबते म्हणून विरार. गाडी आणखी पुढे गेली असती तर कुणी नाव तरी घेतलं असतं का?"

सगळे हसले. ताईही हसली. मी हातातला लाडू ताटात ठेवला आणि म्हटलं, "मग गाडी वसई गावात का नाही जात? तुम्हाला तर स्टेशनला यायला टांगा लागतो."

त्या दिवशी ताईने मला माजघरात नेऊन चिमटा काढला. दंडावर निळा डाग पडला होता. तो मी घरी आल्यावर आईला दाखवला नाही, कारण ती विचारणार, आधी तू काय बोललीस?

लढाईच्या वर्षांत मात्र सगळं उलटं झालं. रेशनिंग आलं. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या तांदळात अळ्या आणि खडे. वकिलांच्या घरी खुर्च्या होत्या, घड्याळ होतं, पण चुलीवर घालायला धड काही नव्हतं. त्यांचा गडी आमच्याकडे पिशवी घेऊन यायला लागला. आई त्यात सुरण भरायची, कोनफळ भरायची, केळफूल, नारळ, आणि आमच्या शेताच्या तुकड्यावर पिकलेला थोडा तांदूळ वरून घालायची. तांदूळ तळाशी घातला तर वाटेत कुणी पाहणार नाही, असं मी सुचवलं तर म्हणाली, "चोरीचा आहे का?"

एकदा मी त्या गड्यासमोरच म्हटलं, "गाडी थांबते म्हणून विरार ना? मग गाडीलाच मागा म्हणावं तांदूळ." आईने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी उंबऱ्यावर जाऊन आदळले. गडी गेल्यावर म्हणाली, "दिलेल्याचा उच्चार करायचा नाही."

मला आजही वाटतं, तिचं चुकत होतं. आम्ही उच्चार केला नाही म्हणूनच पुढे आमच्याबद्दल दुसऱ्यांनी बोलून ठेवलं.

आमच्या विरारची एक गंमत सांगायची राहिली. विजेची गाडी आमच्याकडे मला कळायला लागल्यापासून येत होती. स्टेशनात दिवे झगमगायचे, रुळांवरून तारा गेलेल्या. आणि त्या स्टेशनाच्या कुंपणाला लागून ज्यांची घरं, त्यांच्याकडे रॉकेलची चिमणी. तारा डोक्यावरून जायच्या, काळोख पायाशी असायचा. लोकांना त्यात काही विचित्र वाटत नसे. गाडी सरकारची, दिवे सरकारचे, चिमणी आपली.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाल्यावर एका दुपारी आमच्या ओटीवर एक इंजिनिअर येऊन बसले. डोक्यावर टोप, हातात गुंडाळलेला नकाशा. बरोबर गावचे पाटील. वडिलांनी त्यांना चहा दिला, आईने घरची सुकेळी पाठवली. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली सुकेळी हा आमच्या गावचा अभिमान. साहेबांना ती फार आवडली. दुसरी मागून घेतली. मग त्यांनी नकाशा उघडला.

वसईला वीज येणार होती. तार पूर्वेच्या डोंगरापलीकडून विरारपर्यंत यायची. वसईच्या पूर्वेला सगळी मिठागरं आणि खाजण, त्या चिखलात खांब उभे राहत नाहीत, राहिले तर कलतात. म्हणून तार विरारहून आमच्या वाड्यांच्या उंच, कोरड्या पट्ट्यातून खाली वसईला न्यायची असं ठरलं होतं. आमच्या वाडीत तीन खांब येणार होते. एक मोगऱ्यात, एक पानवेलींच्या कडेला, एक विहिरीच्या पलीकडे.

वडील म्हणजे शांत माणूस. कुणाशी चढ्या आवाजात बोलले नाहीत. ते नकाशाकडे बघत म्हणाले, "छान आहे. म्हणजे आमच्याकडेही दिवे येतील."

साहेब जरा अवघडले. म्हणाले, "तसं आता तरी नाही. आम्ही दोन्हीकडची तुलना करून पाहिली. वसई संपन्न आहे. कचेऱ्या आहेत, दुकानं आहेत, दवाखाना आहे, पक्की घरं आहेत, लोकांकडे रेडिओ आहेत. विरारच्या बाजूला स्टेशनजवळची चार दुकानं सोडली तर विजेला गिऱ्हाईक कुठे आहे? तुमच्याकडे पुढेमागे बघू."

आई दाराआड उभी होती. परक्या माणसासमोर ती कधी ओटीवर येत नसे. त्या दिवशी आली.

"तुलना केली म्हणजे काय केलं?" तिने विचारलं.

"म्हणजे पाहणी केली, बाई."

"कुणाला विचारलं?"

"विचारायचं काय त्यात? छपरं दिसतात ना."

आईने साहेबांच्या पुढ्यातली सुकेळीची बशी उचलली आणि आत घेऊन गेली. बशीत अजून दोन शिल्लक होती. वडील इतके शरमले की त्यांनी साहेबांना फाटकापर्यंत सोडायला जाताना वाटेतले दोन नारळ उचलून त्यांच्या हातात दिले. आणि खांबांना होकारही दिला. त्यांच्या मते देशाचं काम होतं, त्याला नाही कसं म्हणायचं?

दिवाळी उलटली आणि खोदणारे आले. मोगऱ्याची एक सबंध ओळ त्यांनी उपटून बाजूला टाकली. झाडं कळ्यांवर नव्हती, पण आईने ती पोटच्या पोरीसारखी छाटून, खत घालून तयार केलेली. मुळं उन्हात पडली होती. आमच्या जमिनीत थोडं खोल गेलं की ओल लागते, म्हणून खड्डे काही फार खोल गेले नव्हते, कमरेएवढे. खोदणारे जेवायला गेले तेव्हा आईने घरातून पाट आणला, मोगऱ्यातल्या खड्ड्यात टाकला आणि पदर खोचून आत उतरून बसली.

वडील धावत आले. "अगं, हे काय?"

"बसल्ये."

"लोक काय म्हणतील?"

"छपरं बघणारे लोक जमिनीत बघणार नाहीत. तुम्ही काळजी करू नका."

खोदणारे परत आले. त्यांचा मुकादम आईला म्हणाला, "बाई, बाहेर या, खांब घालायचाय." आई म्हणाली, "घाला की. मी बसल्ये त्याच्यावर घाला." मुकादम डोकं खाजवत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानवेलींजवळच्या खड्ड्यात मी बसले. मी सातवी पास होऊन घरी बसलेली, लग्नाची. आईने मला सांगितलं नव्हतं, नकोही म्हटलं नाही. विहिरीपलीकडच्या खड्ड्यात शेजारची किरिस्तांव बाई, लाल लुगडं सावरत, जपमाळ घेऊन येऊन बसली. तिच्याही वाडीत दोन खड्डे होते. दुपारपर्यंत आमच्या गावातल्या बहुतेक खड्ड्यांत कुणी ना कुणी होतं. कुणी फुलं ओवत होतं, कुणी पानांच्या चवडी लावत होतं. आईने तर केळी सोलायला घेतली. सुकेळीचे दिवस होते आणि काम थांबवायचं तिला माहीतच नव्हतं. अंधार पडून खोदणारे गेले की आम्ही घरी, उजाडायच्या आत पुन्हा खड्ड्यात.

अर्नाळ्याची एक कोळीण रोज आमच्या वाडीतल्या पायवाटेने विरारच्या बाजाराला जायची. डोक्यावर पाटी, गळ्यात सोनं, आवाज असा की नारळावरचे कावळे उडायचे. तिने खड्ड्यात आई पाहिली आणि पाटी खाली ठेवली.

"काय गो, तुला पुरताहेत की काय?"

आईने तिला सगळं सांगितलं. कोळीण गळ्यातल्या सोन्यावर हात ठेवून म्हणाली, "आमी गरीब? कोन बोलला? त्याला आन इथं. आमचा म्हावरा नसला तं वसईवाले काय पानी पिऊन जेवतील?" आणि मग तिने वसईच्या बाजारातही ही बातमी पोचवली. ते मात्र झालं नसतं तर बरं, असं वडिलांना वाटलं.

कारण दोन दिवसांनी टांग्यातून ताई आली.

ती फाटकाशी उतरली तेव्हा मी खड्ड्यातूनच हात हलवला. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आईसमोर जाऊन उभी राहिली. अंगावर रेशमी काठाचं लुगडं, डोळे रडून सुजलेले.

"आई, वर ये. सगळी वसई हसतेय आपल्याला."

"हसू दे."

"मामंजी त्या विजेच्या कमिटीत आहेत. त्यांच्या सुनेची आई खड्ड्यात बसलीय. मला त्या घरात राहायचंय, आई. तुला काय, तू इथे."

आईने सोललेलं केळं सुपात ठेवलं. "खरं आहे तुझं," ती म्हणाली. "तू तिथली हो. तिथली होऊन माझ्याशी भांड, मला राग नाही यायचा. पण मी इथली आहे. मी इथलीच होऊन बोलणार."

"तुम्हाला आमचं चांगलं झालेलं बघवत नाही, दुसरं काय!"

हे ती मला उद्देशून बोलली. मी खड्ड्यातून उठून उभी राहिले. "ताई, लढाईत तुमच्या घरी कुणाच्या घरचा तांदूळ शिजत होता?"

शब्द तोंडातून गेला आणि आईने माझ्याकडे असं पाहिलं की पाठीत पुन्हा धपाटा बसल्यासारखं झालं. ताई मागे फिरली. टांगा वळला तेव्हा तिने एकदाही वर पाहिलं नाही. त्यानंतर बरेच महिने ती माहेरी आली नाही. आई रात्री जेवताना तिच्या नावाचा घास बाजूला काढून ठेवी, आणि सकाळी तो गाईला घाली. मला त्याचं वाईट वाटत होतं. तरी मी बोलले ते मागे घेतलं नाही, आजही घेत नाही.

ताईपाठोपाठ तिचे सासरे स्वतः आले. ते गृहस्थ चांगले होते, हे मी आधी सांगते. त्यांनी माझ्यासाठी वसईचंच एक स्थळ आणलं होतं. मुलगा कचेरीत कारकून, घर पक्कं. माघात सुपारी फोडायची असं ठरत आलं होतं. ते ओटीवर बसले, पाणी प्यायले, आणि वडिलांना म्हणाले, "अहो, वीज म्हणजे प्रगती. प्रगतीच्या वाटेत बायकामाणसं बसवायची, हे शोभतं का आपल्याला?"

वडील मान खाली घालून म्हणाले, "मी सांगून पाहिलं."

मग ते मोगऱ्याकडे आले. आईशी बोलले, तिने नमस्कार केला आणि नाही म्हटलं. जाताना माझ्या खड्ड्यापाशी थांबले. "मुली, तुझ्या भल्यासाठी सांगतो. ती माणसं चौकशा करताहेत. खड्ड्यात बसलेली मुलगी कोण करील?"

मी म्हटलं, "ज्याला खड्ड्याची लाज वाटेल त्याने करू नये."

असं काही माझ्या तोंडून निघेल हे मलाच ठाऊक नव्हतं. ते स्थळ मोडलं. आईला कळलं तेव्हा तिने मला विचारलं, "तुला हवं होतं का ते?" मी म्हटलं, "पोरगा मी पाहिलासुद्धा नव्हता." ती म्हणाली, "मग रडतेस कशाला?" मी रडत होते हे खरं. पक्क्या घराचं मलाही वेड होतंच. रेडिओचं तर फारच.

नंतर पोलीस आले. एक हवालदार आणि दोन शिपाई. बायकांना हात लावायची त्यांची हिंमत होईना. हवालदार खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून म्हणाला, "माय, मलाही वर जाऊन उत्तर द्यावं लागतं." आईने त्याला केळी दिली. तो खाऊन, शेंड्या गोळा करून गेला. शेंड्या म्हणजे नारळाच्या, बंब पेटवायला.

शेवटी ठाण्याहून मोठे साहेब आले. मोटार रस्त्यावर ठेवून वाडीतून चालत आले, बुटांना चिखल लागला तरी कुरकुरले नाहीत. बरोबर तोच टोपवाला इंजिनिअर. साहेबांनी आईला विचारलं, "बाई, तुमची मागणी काय आहे?"

"मागणी नाही काही," आई म्हणाली. "जमीन माझी आहे. मी माझ्या जमिनीत बसल्ये."

"पण हे दोन्ही गावांच्या हिताचं आहे."

परक्या माणसाशी याहून जास्त बोलायची आईला सवय नव्हती. मी माझ्या खड्ड्यातून वर आले. लुगड्याला चिखल, केस विस्कटलेले. म्हटलं, "साहेब, तुम्ही म्हणता आम्ही गरीब आणि वसई श्रीमंत. असं धरून चालू. मग गरिबांच्या वाडीतून श्रीमंतांना फुकट वाट कशाला हवी? श्रीमंतांनी आपल्या चिखलातून तार न्यावी. खांब कलले तर पुन्हा उभे करावेत. त्यांना परवडतं."

टोपवाल्याने तोंड उघडलं. मोठ्या साहेबांनी हाताने त्याला थांबवलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मोगऱ्याच्या उपटलेल्या ओळीकडे पाहून त्यांनी विचारलं, "विजेचं तुम्ही काय करणार?"

"वसईवाले काय करणार?" मी विचारलं.

"दिवे लावतील. रेडिओ ऐकतील."

"आम्ही विहिरीवर मोटर बसवू. आमच्या पाण्यावर जे पिकेल ते मुंबई खाईल. वसईही खाईल."

साहेब म्हणाले, "किती घरं वीज घ्यायला तयार आहेत ते मला आठवड्यात कळवा. पुरेशी असतील तर तार इथे उतरवू. नसतील तर मात्र तुम्हाला उठावं लागेल." आई म्हणाली, "कळेपर्यंत आम्ही इथेच आहोत."

आणि इथेच आमची खरी फजिती झाली असती. कारण खड्ड्यात बसायला सगळ्या आल्या, पण वीज घ्यायची म्हटल्यावर घराघरातून वेगळंच ऐकू यायला लागलं. पेंढ्याचं छप्पर, ठिणगी उडाली तर? दर महिन्याला भरायचं कुठून? कुणी म्हणे तार घरात आली की वीज पडते. कुणी म्हणे फुलं कोमेजतात. आई दिवसा खड्ड्यातून उठू शकत नव्हती, माझ्यासारख्या मुलीचं कुणी ऐकलं नसतं.

त्या संध्याकाळी वडिलांनी चपला घातल्या, डोक्याला टोपी घातली आणि बाहेर पडले. आईने विचारलं, "कुठे?" ते म्हणाले, "येतो." जो माणूस शेजारच्या लग्नातही कोपरा धरून बसायचा, तो त्या आठवड्यात गावातल्या दारोदारी गेला. काय बोलले ते आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्यांकडून कळलं. ते म्हणत, "पहिली तार माझ्या घरात येईल. माझं अर्धं छप्पर पेंढ्याचं आहे. जळलं तर माझं जळेल, मग तुम्ही घेऊ नका." एका घरी त्यांना विचारलं, "तुम्हीच ना खांबांना हो म्हटलं होतं?" ते म्हणाले, "हो. तेव्हा मला कळलं नव्हतं. आता बायकोने कळवलं."

ही गोष्ट गावभर झाली. लोक हसले, आणि हसत हसत तयार झाले. आमच्याकडे माणसाला लाजवून काही करून घेता येत नाही. हसवून येतं.

आठवड्याच्या अखेरीला वडील स्वतः ठाण्याला जाऊन आले. दोन दिवसांनी टोपवाला इंजिनिअर आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "तुमची तार मंजूर झाली." आई पाट काखोटीला मारून खड्ड्यातून वर आली. तिला नीट उभंच राहता येईना, गुडघे आखडले होते. वडिलांनी तिला हात दिला. चारचौघांत त्यांनी तिला हात दिलेला मी तेवढाच पाहिला. मग आई त्या इंजिनिअरला म्हणाली, "बसा, सुकेळी आणते." तो बसला. खाल्लीनही.

तार यायला पावसाळा मधे गेला. वसईला दिवे आधी लागले आणि आमच्याकडे मागाहून, आठवडाभराने. त्याचं दुःख मला झालं, खोटं कशाला बोलू. आमच्या घरात दिवा लागला तो कौलाच्या अर्ध्या भागात. दिवेलागणीची वेळ होती. वडिलांनी बटण दाबलं, पिवळा उजेड पडला, आणि पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे आढ्याला लोंबणारी जळमटं. आईने लगेच केरसुणी बांबूला बांधली. शेजारपाजारचे दारात गर्दी करून उभे आणि ही बाई जळमटं काढतेय. म्हणाली, "एवढी घाण आपल्याकडे होती आणि दिसतच नव्हती."

ताई दिवाळीला आली. न सांगता, टांग्यातून, कडेवर मूल घेऊन. ओटीवर येऊन तिने दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्याकडचा जास्त प्रखर आहे."

मी म्हटलं, "असेल. तुमची छपरं चांगली आहेत."

तिने मूल माझ्या हातात दिलं आणि आत गेली. आईच्या गळ्यात पडून रडण्याचा आवाज आला. माझी तिने माफी मागितली नाही, मीही तिची नाही. तिच्या सासऱ्यांनी पुढे माझ्यासाठी स्थळ आणलं नाही. मी लग्न केलं ते विरारच्याच एका दुकानदाराशी, आणि बघण्याच्या कार्यक्रमात त्याला आधी विचारलं, "मी खड्ड्यात बसलेली मुलगी आहे, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "मी तेव्हा तुमच्या वाडीबाहेर सायकल लावून बघायला आलो होतो."

वर्षाभराने विहिरीवर मोटर बसली. बैलाला आईने विकला नाही. तो गोठ्यात बसून रवंथ करत मोटरच्या आवाजाकडे कान हलवायचा. पाणी पाटातून धावत गेलं, मोगऱ्याच्या दोन ओळींच्या जागी चार लावल्या, पानांच्या टोपल्या वाढल्या. मुंबईच्या बाजारात आमच्या फुलांना वेगळा भाव मिळायला लागला. घराचं पेंढ्याचं अर्धं छप्पर उतरवून वडिलांनी कौलं घातली. वसईचे वकील एकदा आले तेव्हा वर बघून म्हणाले, "अरे वा, सुधारलात." वडील म्हणाले, "छप्पर सुधारलं."

पुढे खूप वर्षांनी विहिरींचं पाणी मचूळ झालं. सगळीकडे मोटरी झाल्या, पाणी उपसलं, समुद्र आत सरकला. पानवेली गेल्या. माझा नातू शिकलेला आहे, तो मला म्हणतो, "आजी, तुम्हीच वीज आणलीत आणि तुम्हीच पाणी घालवलंत. त्यापेक्षा तो रहाट बरा होता." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी मान्य करते.

पण मी त्याला विचारलं, "वसईतल्या वाड्यांचं पाणी गोड राहिलं का?" तो म्हणाला, "नाही, त्यांचंही गेलं." मी म्हटलं, "मग? आम्ही एकट्यांनी रहाटामागे बैलाबरोबर फिरत राहायचं, आणि आमच्या डोक्यावरून तारा न्यायच्या, म्हणजे तुझं पाणी वाचलं असतं? पाणी राखायचं तर सगळ्यांनी मिळून राखायचं. त्यात आम्ही बसलो असतो. खड्ड्यात बसायची आम्हाला सवय होती."

तो हसला. मी हसले नाही. अजूनही कुणी मला विचारलं की त्या काळी वसई संपन्न होती की विरार, तर मी उलट विचारते, कोण विचारतंय, आणि त्याला खांब कुठे रोवायचेत?